ठमाबाईचा डावा पाय

बायकोला सांगितलं नाही, एवढं म्हटलं तरी तुम्हाला कल्पना येईल. तिच्यापासून मी काही लपवू शकत नसे — खिशातली सिगरेटसुद्धा नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि हे एकच तिला न कळता राहिलं. मुलांना सांगायचा प्रश्नच नव्हता. मित्र म्हणावेत असे दोघे-तिघे होते, पण तेही डॉक्टर, आणि डॉक्टरला असलं सांगणं म्हणजे — जाऊ द्या. तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलतो. मध्येच थांबलो तर थांबू द्या, पुढचं विचारू नका.

मी हाडांचा डॉक्टर. होतो. लोणावळ्यात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका लहानशा इस्पितळात उमेदीची सगळी वर्षं काढली. इस्पितळाचं नाव नको. ते बिचारं चांगलं होतं. वाईट होतं ते माझं. डोकं तापट, जीभ तिखट, आणि आपल्याला जे कळतं ते घाटाच्या वर-खाली कुणालाच कळत नाही याची पक्की खात्री. अशी खात्री तुम्हाला कधी वाटली आहे का? फार ऊब असते तिच्यात. लोणावळ्याच्या धुक्यात राहणाऱ्या माणसाला ती लागतेही.

आधी थोडं हाडाबद्दल सांगावं लागेल. कंटाळू नका, त्याशिवाय माझी लबाडी तुम्हाला नीट दिसायची नाही.

मांडीचं हाड वर दांडक्यासारखं असतं, आणि गुडघ्याजवळ येता येता रुंद होत दोन गाठींमध्ये फाकतं. तिथं ते मोडलं की एका जागी मोडत नाही. दांडकं वेगळं, गाठी वेगळ्या, आणि मध्ये खारी बिस्किटाचा व्हावा तसा चुरा. साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हा अशा मोडीला आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली जुनी — नडगीतून खिळा आरपार घालायचा, दोरीला वजन लावून ते पलंगाच्या पायथ्याशी लटकवायचं आणि माणसाला महिनोन् महिने निजवून ठेवायचं. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे इस्पितळाचे प्रमुख, या वाटेचे. दुसरी वाट सरळ प्लेटची. पोलादी पट्टी टेबलावरच वाकवून हाडाच्या अंगाशी बसवायची आणि जिथं धरेल तिथं स्क्रू मारायचे. ही पट्टी समंजस असते, तुमची चूक पोटात घालते. पण पुढे हळूहळू पाय कमानीसारखा वाकायचा धोका राहतो.

आणि तिसरी — पात्याची प्लेट. भिंतीवरच्या फळीखाली ब्रॅकेट असतो ना, तशी. एक भाग मांडीच्या अंगाला स्क्रूंनी बसतो, आणि दुसरा, चपटं पातं, गुडघ्याच्या गाठींत आडवं ठोकायचं. आधी छिन्नीनं वाट करायची, मग पातं त्या वाटेनं आत. बसलं तर काय बसतं म्हणून सांगू! पण छिन्नी एकदा तिरकी गेली की गेली. दुसरी वाट करायला हाड उरत नाही. शिवाय पात्याला धरायला मुळात अखंड गाठ हवी. भुसभुशीत भिंतीत ब्रॅकेट ठोकून पाहा, म्हणजे कळेल.

मला या पात्यानं वेड लावलं होतं. पुण्यात आमच्या शल्यवैद्यांचं संमेलन भरणार होतं आणि त्यात मी सरळ प्लेट आणि पात्याची प्लेट यांची तुलना मांडणार होतो. सोप्या मोडींवर पातं चालवून झालं होतं. मला हवी होती एक अवघड मोड. लोकांनी खुर्चीत सावरून बसावं अशी. हे मी मोठ्यानं कुणाला म्हणालो नाही, पण वाट पाहत होतो. कुणाचा तरी पाय मोडण्याची वाट — आता लिहिताना कसं दिसतं ते.

भाद्रपद सरताना चिंधूला आणलं.

कुरवंड्याच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथला तो. कड्यावरून दोराला लटकून आग्या मोहोळांचा मध काढणारा माणूस, आणि पडला तो वासरापायी. निसरड्या दरडीवर वासरू अडकलं होतं, ते काढायला गेला. वासरू वाचलं. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी त्याला धुक्यातून खाली आणलं, आणि झोळीच्या बाजूनं त्याची बायको चालत आली — ठमाबाई. सगळ्या वाटेनं तिनं त्याचा डावा पाय दोन्ही हातांत धरला होता, हिंदकळू नये म्हणून. इस्पितळात आल्यावर नर्सनं पाय ताब्यात घेतला तरी तिचे हात तसेच, ओंजळ पुढे केल्यासारखे राहिले होते. बोटं सरळ होईनात. तिनं थट्टेनं नर्सला म्हटलं की आता हे हात बी इथंच ठेवून घ्या.

कड्यावर मध काढायचा तर वरती दोर धरायला विश्वासाचं माणूस लागतं. चिंधूचा दोर ठमाबाई धरायची. वाडीत दुसरी कुठली बाई दोर धरत नव्हती. तिच्या हाताला चूक ठाऊक नाही, असं सगळे म्हणत. हे चिंधूच्या भावानं मला पहिल्याच दिवशी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी एक्सरे पाहिला. आतल्या बाजूच्या गाठीचा चुरा होता. याला वजन लावा, म्हणाले, पातं धरणार नाही. मी बघतो म्हटलं. दोन दिवसांनी ते कामानिमित्त पुण्याला गेले आणि मी चिंधूला टेबलावर घेतलं.

छिन्नी ठोकताना एक आवाज होतो, कोरडा. लाकडाच्या वखारीतला म्हणा ना. तिसऱ्या-चौथ्या घावाला तो आवाज बदलला. खालचा, ओला आवाज आला. आतली गाठ फुटली होती, आणि छिन्नीही तिरकी गेली होती. मला समजलं. तिथं थांबता आलं असतं. छिन्नी काढायची, जखम शिवायची, वजन लावायचं, आणि मोठे डॉक्टर आल्यावर मान खाली घालून सांगायचं. काय झालं असतं? चार दिवस तोंड कडू झालं असतं. मी पातं ठोकलं.

समोरून काढलेल्या एक्सऱ्यात ते बरं दिसत होतं. पडद्यावर दाखवण्याजोगं.

पुढे महिनाभर चिंधू पलंगावर होता. महिन्यानं पुन्हा एक्सरे काढला तेव्हा पात्याचं टोक हाड फाडून आतल्या अंगानं बाहेर डोकावत होतं आणि पाय वाकायला लागला होता. एक गोष्ट लक्षात ठेवा — तोवर चिंधूनं जमिनीला पायाचा अंगठासुद्धा लावला नव्हता. मी तो एक्सरे उजेडाकडे धरून पाहिला आणि पाकिटात घातला. मग त्याला म्हटलं, घरी जा, दिवाळी कर, आणि काही झालं तरी पाय टेकवू नकोस. तो पाया पडायला वाकू पाहत होता. मी त्याला पडू दिलं नाही. त्याला वाटलं, डॉक्टर साधा माणूस आहे.

दिवाळीनंतर तो परत आला तेव्हा बिघडलेलं कुणालाही दिसेल असं होतं. मांडी बाहेर फाकलेली, नडगी आत गेलेली. वॉर्डात गर्दी होती. शेजारच्या पलंगाशी मोठे डॉक्टर उभे. त्यांनी त्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी — इतका पटकन, की जणू पाठच केलं होतं — चिंधूला दरडावून विचारलं, पाय टेकवला होतास?

ठमाबाई पुढे झाली.

“व्हय,” ती म्हणाली. “म्या टेकवाय लावला. वाघोबापुढं.”

त्या वाडीत वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, घरातल्या कर्त्या पुरुषानं स्वतःच्या पायांवर उभं राहून वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावावा लागतो. बसून, निजून चालत नाही. तसं केलं तर वाघाला वाटतं या घरात कुणी उभा पुरुष नाही, आणि त्या वर्षी तो गोठ्यात येतो. चिंधू नको म्हणत होता. ठमाबाईनंच त्याला खांद्याचा आधार देऊन उभं केलं. शेंदराचं बोट दगडाला लागेस्तोवर त्याचा डावा पाय भुईला लागलेला होता, तेवढाच. हे सगळं तिनं न विचारता सांगितलं, लपवायचं काही असतं हे ठाऊकच नसल्यासारखं.

तुम्ही काय केलं असतंत? नाही, नका सांगू. मी काय केलं ते ऐका. मला सुटल्यासारखं झालं. आनंदच झाला म्हणा. मी म्हणालो,

“मग तिथंच तुटली प्लेट. मी बजावलं होतं, बाई.”

प्लेट तुटलेली नव्हती. प्लेटला ओरखडाही नव्हता. तुटलं होतं ते हाड, माझ्या छिन्नीखाली, वाघबारशीच्या कितीतरी आधी. पण प्लेट तुटली असं म्हटलं की कुणालाही समजतं. आतलं कोण बघायला येणार होतं?

ठमाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात उलटे-पालटे करून पाहिले, जणू त्यांच्यावर काही लागलंय. चिंधूचा भाऊ तिच्यापासून एक पाऊल बाजूला सरला. एकच पाऊल, फार नाही. मोठे डॉक्टर मला बाहेर म्हणाले, त्यांना नीट सांगा. मी म्हटलं, सांगितलं. ते चष्मा पुसत निघून गेले. पुढं त्यांनी हा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

पुण्याच्या संमेलनात माझी तुलना गाजली. चिंधूला मी तिच्यातून वगळलं होतं. रुग्णानं सूचना पाळली नाही, त्यामुळे हा पाय जमेस धरता येत नाही, असं एक वाक्य टाकलं. मागच्या रांगेतून एका वृद्ध सर्जननं विचारलं, काय केलं म्हणता त्यानं? मी म्हटलं, वाघाच्या देवापुढे उभा राहिला. सभागृह हसलं. मीही हसलो. आपले लोक ऐकतच नाहीत हो, असं कुणीतरी म्हणालं आणि चहाची सुट्टी झाली. पात्याची प्लेट श्रेष्ठ ठरली. तशी ती आहेच. योग्य हाडात, योग्य हातानं. खोटं तिथं नव्हतं.

त्यानंतरचा मी तुम्हाला आवडणार नाही.

पौषात एका सकाळी मी तपासणीच्या खोलीत बसलो होतो. बाहेर इतकं धुकं की व्हरांड्याचे खांबही दिसत नव्हते. त्या धुक्यातून चालण्याचा आवाज आला. एक पाऊल टेकलेलं, एक घासत आलेलं. पुन्हा टेकलेलं, पुन्हा घासत. आमच्या कानाला सवय असते. मला वाटलं, चिंधू आला, चालायला लागला वाटतं. दारात आला तो चिंधूचा भाऊ, चिंधूला पाठुंगळी घेऊन. चिंधूचे दोन्ही पाय हवेत लोंबत होते. मागे आवाज येतच होता. टेक, घास. मग धुक्यातून ठमाबाई बाहेर आली.

ती डाव्या पायानं लंगडत होती. टाच वर, चवडा घासत, गुडघा जरासा बाहेर. चिंधू चालला असता तर अगदी असाच चालला असता. मी आयुष्यभर माणसांच्या चाली पाहिल्या आहेत. दुसऱ्याची चाल इतकी हुबेहूब अंगात आलेली मी पाहिली नव्हती.

कुठं लागलं, असं मी विचारलं. भावानं सांगितलं. ती वाघोबापुढं नवस बोलली होती — ज्या पायाला माझ्यामुळं भुई लागली, तो पाय सरळ होऊन भुईवर उभा राहीस्तोवर माझी डावी टाच म्या टेकवायची न्हाई. वाडीत सगळ्यांना हे रास्त वाटलं होतं. तिला कुणी मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही, गैरसमज नको. फक्त त्या हंगामात मध काढायला चिंधूचा भाऊ कड्यावरून उतरला तेव्हा दोर दुसऱ्याच्या हातात दिला होता. ठमाबाई लांब बसली होती. तिच्या हातात पुन्हा कुणी दोर दिला नाही.

मी तेव्हा काय करायला हवं होतं हे तुम्हालाही कळतंय ना? एक वाक्य. बाई, तू काही केलं नाहीस. टाच टेकव. एवढंच. चिंधू खुर्चीत होता, भाऊ दाराशी, बाहेर धुकं, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मग मी चिंधूच्या गुडघ्यावर बोट ठेवून म्हटलं, इथं दुखतं का?

तिनं मला एकच मागितलं. तुटकी पट्टी काढून दुसरी घालता येईल का? मी धोका आहे म्हटलं. धोका होताच — मला. काढली असती तर टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी ती अख्खी पाहिली असती.

चिंधू वर्षातून एक-दोनदा यायचा. पाय आखूड, ताठ. कडा सुटला तो सुटलाच. पण चिडका नव्हता. एकदा मला म्हणाला की डाक्टर, पायात मोहोळ बसलंय. धुकं यायच्या आधी लोखंड गार पडतं आणि माश्या गुणगुणायला लागतात. वाडीतली माणसं त्याच्या मांडीला कान लावून ऐकून जात. मी हसलो. अरे बाबा, म्हटलं, ढिला स्क्रू असेल. आणि थट्टा म्हणूनच स्टेथोस्कोप त्याच्या मांडीवर टेकवला.

ऐकू आलं. सांगायचं तर सगळंच सांगतो. बारीक, एकसुरी, खोलातून. माझंच रक्त असेल, रबरी नळीत वारा असेल, काहीही असेल. मी स्टेथोस्कोप काढला आणि काही नाही म्हणून सांगितलं. ठमाबाई दाराला टेकून उभी होती, डावी टाच उचललेली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

काही वर्षांनी पावसाळ्यात चिंधू तापानं गेला. इस्पितळात आणलाच नाही. मला कळलं ते ठमाबाई आली तेव्हा.

दुपारची वेळ होती आणि व्हरांड्यात मी एकटाच. तो आवाज आला. टेक, घास. मान वर न करता मी ओळखलं. ती माझ्यासमोर खाली बसली, कनवटीचं फडकं सोडलं, आणि जमिनीवर ती वस्तू ठेवली.

राख सावडायला गेलेल्या भावाला ती चितेत मिळाली होती. काळीनिळी झालेली, पण पात्यापासून शेवटच्या भोकापर्यंत अखंड. मी ठोकली होती तशी. ठमाबाईनं ती राखेनं घासून पुसून आणली होती. तिनं तिच्यावरून एक बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. कुठं सांधा लागतो का ते बघत. मग म्हणाली,

“डाक्टर, ही तर साबूत हाय.”

आरोप नव्हता हो त्यात! तसा असता तर मी कदाचित चिडलो असतो, आणि चिडून तरी खरं बोललो असतो. ती विचारत होती. शिकल्यासवरल्या माणसाला आपल्याला न उमगलेलं विचारावं, तशी. तिचं सगळं त्या एका उत्तरावर होतं — हात, दोर, वाडी, ती टाच. देव म्हणा, नशीब म्हणा, मला दुसऱ्यांदा तीच जागा दिली होती. आणि मी, केस पांढरे झालेला माणूस, म्हणालो,

“आगीत जुळतं कधीकधी.”

तिनं प्लेटवर कपाळ टेकलं. उठून बसली तेव्हा तिचा चेहरा — मला त्याचं वर्णन करता येत नाही. तरणी दिसत होती. म्हणजी वाघोबानं माफी दिली, असं ती म्हणाली. बोलली ती मला नव्हे, त्या पोलादाला. मग ती उभी राहिली, पदर खोचला, आणि माझ्या देखत, इतक्या वर्षांनी, डावी टाच खाली न्यायला लागली.

टाच भुईला लागेना.

तिनं गुडघ्यावर हात ठेवून दाबलं. खांब धरून पुन्हा दाबलं. बोटभर अंतर राहिलं ते राहिलंच. मला माहीत होतं, मी डॉक्टर होतो — टाचेमागची शीर आखडलेली, खुबा फिरलेला, गुडघा धरलेला. धडधाकट पाय. त्याला कधी काही झालं नव्हतं. चिंधूच्या पायाला मी हत्यार तरी लावलं होतं. हा मी खुर्चीत बसून मोडला होता.

ठमाबाई हसली.

“इसरला,” म्हणाली. “पाय इसरला.”

प्लेट फडक्यात बांधून ती निघाली. तिला थांब म्हणावं, पाय दाखव म्हणावं, असं मला वाटलं. शीर सोडवता आली असती, निदान थोडी. पण त्या पायाला हात लावायचं माझं धाडस झालं नाही. आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता, मग रस्त्यावर गाडी गेली आणि बुडाला.

आता थोडंच राहिलं.

दोन-तीन वर्षांनी आमच्याकडे एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. कुरवंड्याच्या वरच्या वाड्यांतून मोडलेले पाय येईनासे झाले. पूर्वी पावसाळ्यात हटकून यायचे. माणसं काय एकदम पडायची थांबली? मी एका रविवारी, धुकं फाटलेलं बघून, वर चढून गेलो. कशाला गेलो ते विचारू नका. दमलो फार. नागफणीचा सुळका मध्येच दिसायचा, मध्येच पुसला जायचा.

वाडीच्या वरच्या अंगाला वाघोबाचा दगड आहे. त्याच्या शेजारी, मातीत पातं रोवून, माझी प्लेट उभी केलेली होती. शेंदरानं इतकी लिंपलेली की आधी ओळखू आली नाही. मग स्क्रूंची भोकं दिसली. नारळाच्या करवंट्या, उदबत्तीच्या काड्या. कुठंतरी बारीक गुणगुण चालू होती. मागच्या कपारीत पोळं असेल. मी पाहिलं नाही.

प्लेटपुढे घोंगडीवर एक पोरगी निजवलेली होती. लग्नाच्या वयाची असेल. मांडी सुजलेली, पाय बाहेर पडलेला; दहा पावलांवरून मला कळलं काय मोडलंय ते. कपाळाला शेंदूर. तिची आई उशाशी, आणि पायथ्याशी ठमाबाई, दोन्ही हातांत तो पाय धरून. हिंदकळू नये म्हणून. वाडीतले आठ-दहा लोक भोवती उभे होते, त्यात चिंधूचा भाऊही. तिच्या त्या हातांवर आता कुणाचा राग दिसत नव्हता. उलट सगळे त्या हातांकडेच बघत होते, मोठ्या विश्वासानं.

मी म्हटलं, हिला खाली आणा. आत्ता आणा.

पोरीच्या आईनं ठमाबाईकडे पाहिलं. ठमाबाई मला बघून इतकी हरखली होती की तिला नीट बोलता येईना. तिनं सगळ्यांना सांगितलं, ह्येच ते. ह्यांनीच सोत्ता सांगितलं मला.

“सांगा की डाक्टर,” ती म्हणाली. “पट्टी आगीत जुळली नव्हती का?”

पोरगी कण्हत होती. सगळे माझ्याकडे वळले. खरं बोललो असतो तर ठमाबाईच्या हातांतून तो पाय काढून घ्यावा लागला असता, आणि ते हात पुन्हा पहिल्यासारखे रिकामे करावे लागले असते. असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला भीती वाटली ती माझ्या स्वतःसाठी, वॉर्डात वाटली होती तीच.

मी मान हलवली. होय म्हणून.

मग जोडे काढून पुढे झालो, वाकलो, आणि त्या पट्टीला कपाळ टेकवलं. लोखंड गार होतं. उतरण्याआधी पोरीच्या आईला म्हटलं, उद्या तरी आणा. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी टेबल तयार ठेवायला सांगितलं. वजन, दोरी, खिळा. संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून राहिलो. कुणी आलं नाही. मी पुन्हा वर गेलो नाही.